खोटं बक्कल

माझ्या मावशीला घरात सगळे स्टोव्ह म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. हे नाव काकांनी ठेवलं होतं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. "आधी फुरफुरते, मग भडकते, आणि एकदा पेटली की पंप मारावा लागत नाही," असं ते म्हणायचे. काका शाळेची बस चालवत. दिवसभर पोरांचा कल्ला ऐकून त्यांना घरातल्या आवाजाचं काही वाटेनासं झालं होतं. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे मावशीचा राग मी अगदी जवळून पाहिला आहे. दूध उतू गेलं, नळ गळला, खालच्या बिऱ्हाडानं जिन्यात सायकल लावली, तिचा पारा चढायला काहीही पुरायचं. तो तासाभरात उतरायचाही. पण एका वर्षी तिला जो राग आला, तो उतरलाच नाही.

मावशी चपलाबुटांच्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. खाली पुरुषांचे आणि लहान मुलांचे जोड, वरच्या मजल्यावर बायकांचे. मावशी वरती. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय समोरच्या तिरक्या फळीवर घ्यायचा, सँडल चढवायचा, पट्टा लावायचा, आणि बाई आरशासमोर चार पावलं चालून आली की पुन्हा सगळं सोडवायचं. तिला बायकांचे चेहरे आठवत नसत, घोटे आठवत. रस्त्यानं जाताना एखादीकडे बघून ती हळूच म्हणे, "ही आपलं गिऱ्हाईक. डावा पाय मोठा आहे."

तिला चीड एकाच गोष्टीची होती. रात्री जेवताना ती सांगायची, "पट्टा घोट्याभोवती पुरला नाही, की बाई म्हणते माझाच पाय जाड. पट्टा घासला, की म्हणते माझीच कातडी नाजूक. चालता आलं नाही, की म्हणते मलाच सवय नाही. अगं, पट्टा आखूड कापलाय त्यांनी, तुझा पाय कशाला जाड असेल? आज तर एक जण चक्क सॉरी म्हणाली. कुणाला? सँडलला."

"मग सँडल काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"तुम्ही भात वाढून घ्या," मावशी म्हणाली.

उंच टाचांवर मात्र तिचा राग नव्हता. ज्याला आवडतात त्यानं घालाव्यात, असं तिचं मत. फक्त पट्टा धड हवा. उंच टाचेत पाय सारखा पुढे घसरतो, त्याला मागे धरून ठेवायला घोट्याचा पट्टा असतो, तो काही दागिना नाही, असं ती म्हणायची. पट्टा बोटभर तरी रुंद हवा, त्याला खरं बक्कल हवं आणि ओळीनं भोकं हवीत, कारण सकाळचा पाय संध्याकाळी तोच राहत नाही.

मग वरच्या मजल्यावर नवीन मॅडम आल्या.

मॅडम सडपातळ, ताठ, कायम उंच टाचांत. त्या जिना चढू लागल्या की खालूनच टकटक ऐकू यायची आणि मुली हातातला चहा लपवायच्या. आधी त्या कुठल्याशा मोठ्या दुकानात होत्या आणि तिथून बऱ्याच कल्पना घेऊन आल्या होत्या. आल्याबरोबर त्यांनी फर्मान काढलं की वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या प्रत्येकीनं दुकानातला नवा सँडलच घालायचा. गिऱ्हाईक आधी आपले पाय बघतं, मग फळीवरचा माल, असं त्यांचं म्हणणं. तोपर्यंत सगळ्या सपाट चपलांत वावरायच्या.

तो सँडल मावशीनं एकदा घरी आणून आम्हाला दाखवला होता. दिसायला खरंच देखणा. टाच पेन्सिलीसारखी, आणि घोट्याभोवती नाडीएवढा बारीक पट्टा. पट्ट्यावर सोनेरी बक्कल. मी ते बक्कल उघडायला गेले, तर उघडेना.

"उघडणार नाही," मावशी म्हणाली. "ते खोटं आहे. वर नुसतं चिकटवलंय. खाली बघ."

खाली टिचबटण होतं. पोलक्याला लावतात तसलं, लहानसं. सगळा पट्टा त्या एका बटणावर.

"म्हणजे जरा पाय वाकडा पडला की हे सुटणार," मी म्हटलं.

"सुटणार नाही, सुटतं. या महिन्यात कितीजणी परत घेऊन आल्या. आणि आम्ही काय सांगायचं, तर तुम्ही नीट लावलं नसेल." एवढं बोलून तिनं सँडल पिशवीत असा कोंबला, की मला वाटलं आता टाच मोडणार.

तिनं मॅडमना हे सांगितलं नव्हतं असं नाही. दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी मॅडम म्हणाल्या, बघते. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "पट्टा दिसायला आहे. चालणारीनं नीट चालावं. मी इतकी वर्षं चालतेच आहे ना?" मावशी त्या दिवशी घरी येऊन इतकी फुरफुरत होती, की काकांनी न सांगता भांडी घासायला घेतली.

वरच्या मजल्यावर एक मुलगी होती, तिला सगळ्या चिमणी म्हणायच्या. अंगानं लहानखुरी, उंची बेताची, नुकतीच कामाला लागलेली. बाप हिच्या लहानपणीच गेला होता, घरात आई आणि ही. चिमणीला मात्र तो नवा सँडल मनापासून आवडला. "मावशी, वरच्या फळीवरचे डबे हाताला लागतात आता," ती म्हणायची. "आणि लोक माझ्याशी खाली वाकून बोलत नाहीत." मावशी तिला म्हणायची, "टाच नाही गं खराब, पट्टा खराब आहे." पण रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी चिमणी गमतीनं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायची, पाय पुढे करायची, आणि मावशी स्टुलावर बसून तिचे पट्टे लावून द्यायची. बटण बसल्याचा आवाज आला की दोघी हसायच्या. तेवढीच त्यांची करमणूक.

ज्या दिवशी चिमणी पडली, त्या दिवशीही तिचे पट्टे मावशीनंच लावले होते.

माल ठेवायची खोली अर्धा मजला वर होती. जायला अरुंद लोखंडी जिना. दुकानात गर्दी होती, एका बाईंना चार-पाच नमुने हवे होते, आणि चिमणी हनुवटीपर्यंत डब्यांची चवड घेऊन उतरत होती. मावशी खाली एका गिऱ्हाइकाचा पाय फळीवर घेऊन बसली होती. तिला आधी बटण सुटल्याचा तो बारीक आवाज आला, आणि मग सगळे डबे एकदम. तिनं वळून पाहिलं तेव्हा चिमणी जिन्याच्या तळाशी बसली होती. सँडल पायातून निम्मा निघाला होता, पट्टा लोंबत होता आणि पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं. मुलगी रडतही नव्हती. नुसती त्या पावलाकडे बघत होती, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे.

मॅडम टकटक करत आल्या. सगळ्यात आधी त्यांनी काय विचारावं?

"पट्टा लावला नव्हतास का?"

चिमणीनं वर पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "नसेल लावला."

मावशी हे सांगताना नेहमी इथे थांबायची. मुलीचा पाय मोडलेला, आणि ती म्हणते, नसेल लावला. तिला पक्कं ठाऊक होतं की पट्टा लावलेला आहे, सकाळी तिच्यासमोरच लावला होता. पण समोरचं माणूस करड्या आवाजात विचारतं आहे म्हटल्यावर चूक आपली असणार, हे ती धरूनच चालली. "त्या सॉरी म्हणणाऱ्या बाईत आणि हिच्यात काय फरक?" मावशी म्हणायची. "फक्त हिचा पाय मोडला होता."

"लावला होता," मावशी म्हणाली. "मी माझ्या हातानं लावला होता. सुटला तो."

"आत्ता ही वेळ नाही," मॅडम म्हणाल्या.

चिमणीला दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, आत धातूची पट्टी घालून स्क्रू बसवावे लागले. तिसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मालक तसे आवाज चढवणारे नव्हते. मऊ आवाजात म्हणाले, की झालं ते वाईट झालं, पण मुलीनं पट्टा न लावता जिन्यावर जायला नको होतं, तिनं स्वतःच तसं कबूल केलंय, तेव्हा दुकानाचा यात काही दोष नाही. उपचाराचं तिच्या घरचे बघतील. तिच्या जागी नवी मुलगी घेऊ. मॅडम शेजारी उभ्या होत्या. मान हलवत होत्या.

"पट्टा लावला होता," मावशी पुन्हा म्हणाली.

"तुम्ही सकाळी लावला असेल," मालक म्हणाले. "मधे तिनं काढला नसेल कशावरून?"

बाकीच्या मुली खाली बघत होत्या. मावशी त्या दिवशी घरी आली, आणि पहिल्यांदाच आम्ही तिला राग आलेला असताना गप्प बसलेलं पाहिलं. काकांनी दोनदा विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही." काका मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "हे बरं लक्षण नाही."

शनिवारी दुकान तुडुंब भरलं होतं. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि तिला काचेत मांडलेला तो सोनेरी बकलाचा सँडलच हवा होता. मुलगी खुर्चीत बसली, पाय पुढे केला. मावशी स्टुलावर बसली. हातात सँडल घेतला. आणि तशीच बसून राहिली.

"माझ्या मापाचा नाहीये का?" मुलीनं विचारलं.

"आहे," मावशी म्हणाली. "पण हा मी देणार नाही."

"का?"

"याचं बक्कल खोटं आहे. खाली टिचबटण आहे. तुमच्याएवढीच एक मुलगी आमच्याकडे काम करते. याच सँडलनं त्या जिन्यावरून पडली, तो बघा तिथे. पाय मोडून घरी पडलीय, आणि तिलाच सांगतायत की तुझी चूक."

मावशीचा आवाज मुळात खालचा नाही. आसपासच्या खुर्च्यांतल्या बायका बघू लागल्या. एकीनं आपल्या पायातला तोच सँडल वाकून पाहिला. मॅडम गर्दीतून वाट काढत आल्या.

"तुम्ही आत जा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "इथलं मी बघते."

"तुम्ही बघितलं असतंत तर ही वेळच आली नसती. दोनदा सांगितलं मी तुम्हाला."

"आवाज खाली करा. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. चिमणीनं पट्टा लावला होता हे तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी तुमच्यासमोर लावत होते मी."

"उंच टाचेत वावरणं काय असतं ते मला शिकवू नका," मॅडम म्हणाल्या. "माझं आयुष्य गेलंय यात. आम्ही नाही कधी तक्रार केली. आम्हीही पडलो, उठलो, कामाला लागलो."

आणि मग मावशी जे बोलली, ते तिनं घरी आल्यावर आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, काही न लपवता. मॅडमची बोटं वाकडी झाली होती, एकमेकांवर चढली होती. मावशीनं त्यांना मागच्या खोलीत पायाला चिकटपट्ट्या लावताना पाहिलं होतं. कुणाला दिसू नये म्हणून त्या दाराला पाठ लावून बसायच्या. मावशी भर दुकानात म्हणाली, "तुमचे पाय गेले म्हणून आता आमचेही घालवायचेत का?"

मॅडमचा चेहरा एकदम उतरला. नकळत त्यांनी एक पाय दुसऱ्याच्या मागे घेतला.

मालक वर आले, आणि त्याच मऊ आवाजात त्यांनी मावशीला घरी जायला सांगितलं. सोमवारी यायची गरज नाही, म्हणाले. मावशीनं पायातले सँडल काढून गल्ल्याशेजारी ठेवले, मागच्या खोलीत जाऊन आपल्या चपला घातल्या आणि जिना उतरली. तिला वाटलं होतं, निदान एखादी तरी मुलगी मागोमाग येईल. कुणी आलं नाही. एक जण तर तिच्या स्टुलावर जाऊन बसलीसुद्धा, पुढच्या गिऱ्हाइकाचा पाय घ्यायला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाकी ठीक. पायांचं बोलायला नको होतं."

"मला माहीत आहे," मावशी म्हणाली. "पण बोलले. आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा बोलेन."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन चिमणीकडे गेली. दोन खोल्यांचं घर, पलंगावर उशांच्या ढिगावर ठेवलेला पाय. चिमणीची आई आम्हाला बघून आनंदली नाही. तिच्या कानावर सगळं आलं होतं. "ताई, तुम्ही आमच्यासाठी भांडलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण आता ते हिला कुठेच उभं करणार नाहीत. मी आज जाऊन हातापाया पडणार होते, तीही सोय राहिली नाही."

"हातापाया कशाला पडायचं? मोडलाय कुणाचा पाय, त्यांचा की हिचा?"

"मावशी, राहू द्या ना," चिमणी म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं. डबे जास्त घेतले होते."

मावशी उठलीच. परतीच्या वाटेवर ती इतक्या भरभर चालत होती, की मला धावावं लागलं. मालकावर राग, मॅडमवर राग, दुकानातल्या मुलींवर राग, आणि आता ज्या मुलीसाठी हे सगळं केलं तिच्यावरही. कोपऱ्यावर थांबून ती मला म्हणाली, "तू जर कधी अशी म्हणालीस ना, माझंच लक्ष नव्हतं म्हणून, तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मी काहीच केलं नव्हतं. तरी हो म्हटलं.

पुढचे काही दिवस घरात फार वाईट गेले. मावशी कपाटं आवरायची, पुन्हा उपसायची. काका बस धुवायला जातो म्हणून लवकर निघायचे. बस किती धुणार?

मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली. मी दार उघडलं तर समोर मॅडम. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण वर्णनावरून ओळखलं. फक्त त्यांची टकटक ऐकू आली नव्हती. पायात सपाट, मऊ, म्हाताऱ्या बायका घालतात तसल्या चपला होत्या, आणि जिना चढून त्यांना धाप लागली होती.

मावशी बाहेर आली. "बसा," म्हणाली. पाणी विचारलं नाही. मीच आणून दिलं.

मॅडमनी पाणी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. "शनिवारी तुमचं ऐकलं त्यातल्या बऱ्याच बायका दुसऱ्या दिवशी सँडल परत घेऊन आल्या," त्या म्हणाल्या. "मालकांनी मला विचारलं, काय सांगायचं यांना. मी म्हटलं, खरं सांगायचं. चिमणीनं पट्टा लावला होता हेही सांगितलं. तिच्या उपचाराचं सगळं दुकान बघणार आहे. तिची जागाही ठेवलीय. तो माल परत पाठवलाय."

"हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"त्या दिवशी नाही सांगितलं."

"का?"

मॅडमनी पेला खाली ठेवला. "मला खरंच वाटत होतं की चूक तिची आहे," त्या म्हणाल्या. "मी पडले तेव्हाही मला असंच वाटलं होतं. माझ्याबद्दल."

मला वाटलं आता मावशी विरघळेल. मॅडम उठल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, "मी तुमच्याशी गोडी करायला आले नाही. तुम्हाला कळवायचं होतं म्हणून आले. तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात, ते मी विसरणार नाही."

"विसरू नका," मावशी म्हणाली. "मीही काही विसरणार नाहीये."

मॅडम गेल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत. काका आतून ऐकत होते. म्हणाले, "अगं, निदान चहा तरी."

"चहा कशाला? खरं बोलायला इतके दिवस लावले म्हणून?"

मालकांनी मावशीला परत बोलावलं. पण वर नाही, खाली, लहान मुलांच्या विभागात. तिला ते शिक्षा म्हणून दिलंय हे कळत होतं आणि ती रागारागानंच रुजू झाली. मुलं तिला लाथा मारायची, बूट फेकायची, भोकाड पसरायची. "पण एक आहे," ती एकदा म्हणाली. "बूट लागला तर पोरगं सरळ ओरडतं, हा घाण आहे, मला नको. माझा पाय खराब आहे असं म्हणत नाही." त्या बोलण्यात पहिल्यांदा जरा समाधान होतं. पण लगेच तिला आठवलं की ही पोरं मोठी होऊन वरच्या मजल्यावर जाणार, आणि पुन्हा तिचं डोकं फिरलं.

दुकानात नंतर जो नवा सँडल आला, त्याला रुंद पट्टा आणि भोकांचं खरं बक्कल होतं. काचेत पाटी लागली, की आम्ही गिऱ्हाइकाच्या सुरक्षिततेचा विचार करतो. मावशी सकाळ-संध्याकाळ त्या पाटीवरून जायची, आणि पाटी निघेपर्यंत रोज घरी येऊन त्यावर बोलायची.

चिमणी बरी झाली. चालताना किंचित लंगडते, पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. ती वरती कामाला परत आली आणि थोड्या दिवसांत पुन्हा उंच टाचा घालू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, तो नियम तर केव्हाच गेला होता. मावशीनं तिला जिन्यात गाठलं.

"तुला अक्कल आहे का?"

"बक्कल खरं आहे, मावशी. ओढून बघा हवं तर."

"मी बकलाचं नाही विचारत."

"मला उंच व्हायला आवडतं," चिमणी म्हणाली. "त्या दिवशी माझी चूक नव्हती ना? तुम्हीच म्हणालात. मग मी का सोडू?"

घरी येऊन मावशीनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, आणि राग नक्की कशाचा ते तिचं तिलाही सांगता येईना. काका म्हणाले, "पोरगी शिकली म्हणायची." मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले.

मॅडमच्या पायांचं पुढे ऑपरेशन झालं. दुकानातल्या सगळ्या जणी बघायला गेल्या. चिमणीसुद्धा गेली, फळं घेऊन. काकांनी मावशीला दोनदा सुचवलं, मीही एकदा म्हणून पाहिलं. ती गेली नाही. फक्त चिमणी परत आल्यावर तिला विचारलं, "चालायला लागल्या का?"

"लागतील म्हणतात डॉक्टर."

"बरं," मावशी म्हणाली, आणि समोरच्या पोराचा बूट बांधायला वाकली.